नांगर न लागलेलं धान

धनीरामने देवकाबाईचा हात पिरगाळला आणि तिला तलावाच्या पाळीवरून खाली ओढलं. तिच्या दुसऱ्या हातात टोपली होती. लुगडं कमरेपर्यंत ओलं, पाय चिखलाने भरलेले, आणि अशा वेळीही बाई टोपली तिरपी होऊ देत नव्हती. टोपलीत लांब तांबूस कुसळांचं धान होतं, तलावातून नुकतंच झोडून आणलेलं.

"हे काय हाये?" धनीरामने विचारलं.

"देवधान हाये, बापा. ऋषिपंचमीच्या उपासाचं. सगळ्यायच्या घरी जाते थे."

"अन् हे?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून एक लोंबी काढून तिच्या नाकासमोर धरली. लोंबी त्याच्या स्वतःच्या बांधीतली, धानाच्या शेतातली होती, आता तासाभरापूर्वी उपटलेली. हात हलला तसे तिचे दाणे झडले आणि देवकाबाईच्या टोपलीत पडले. पडले ते आधीच्या दाण्यांत असे मिसळले की पुन्हा वेगळे काढून दाखवणं कोणाला जमलं नसतं. तेच कुसळ, तोच रंग. धनीराम टोपलीकडे पाहत राहिला आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"सापडली," तो ओरडला. "तूच फेकलं माझ्या बांधीत!"

आणि त्याने तिच्या तोंडात मारली.

करगा ज्याच्या शेतात शिरला त्यालाच त्याचं दुःख कळतं. दिसायला धानासारखा धान. श्रावणात शेजारी उभा राहिला तर शेतकऱ्याचा बापही ओळखणार नाही. पण दाणा भरला, पिकला, की विळा लागायच्या आत सगळा झडून मातीत जातो. शेतकऱ्याच्या हाती रिकामी काडी येते आणि पुढच्या वर्षी तोच दाणा दुप्पट होऊन उगवतो. धनीरामने यावर एक उपाय काढला होता. पाच-सहा वर्षांपूर्वी, आणीबाणीच्याही आधी, त्याने रायपूरकडच्या पाहुण्यांकडून जांभळ्या देठाचं धान आणलं. आवत्या पेरलं, म्हणजे रोपांचा रोवणा न करता बी सरळ बांधीत फेकलं, की धान उगवे जांभळं आणि करगा हिरवा. निंदणाऱ्या बायांना मग डोकं चालवायचं कामच उरलं नाही. हिरवं दिसलं की उपट, जांभळं दिसलं की ठेव. एकोडीच्या बाजारातसुद्धा लोक त्याला थांबवून बियाणं मागत. धनीराम चालताना छाती थोडी पुढे काढू लागला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला ते शोभतही होतं.

यंदा, एकोणऐंशी साली, पाऊस ओढून ओढून पडला, तरी त्याच्या बांध्या एका धुऱ्याच्या बांधापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जांभळ्याशार उभ्या होत्या. आश्विनात लोंब्या बाहेर पडल्या आणि त्या जांभळ्या देठांवर तांबूस कुसळं डुलायला लागली. अर्ध्याहून जास्त बांध्या करगा. जांभळा करगा. असलं कोणी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. बाहेरचं काहीतरी झाल्याशिवाय करग्याचा रंग बदलेल कसा?

देवकाबाईला त्याने मारोतीच्या पारापर्यंत ओढत आणलं. वाटेत ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा त्याने हात सोडून केस धरले.

गाव जमायला वेळ लागला नाही. तलावाच्या पाळीला माती घालायला बोलावलं की ज्यांच्या कमरेत उसण भरते, तेही धावत आले. पोलीस पाटील साकोलीला गेला होता, आणि गावात असता तरी त्याने काही वेगळं केलं असतं असं नाही. धनीरामचा चुलतभाऊ डोमा सगळ्यांच्या पुढे होता. डोमाचा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी तडफडून मेला होता आणि त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते अजून ठरायचं होतं.

"पाहा," धनीराम म्हणाला आणि टोपली त्याने पारावर आपटली. "हे हिच्या टोपलीतलं. अन् हे माझ्या बांधीतलं. सांगा काय फरक हाये."

माणसं वाकून पाहू लागली. फरक नव्हता.

"हिले कोनी नाई, पुढं ना मागं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "एकटी तलावात जाते सकाळी सकाळी. कायले जाते?"

देवधानासाठी जाते, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्या वेळी ते कोणाला आठवलं नाही.

"माझा बैल हिनंच खाल्ला," डोमा म्हणाला. "दात पाडा रांडचे. दात गेले का मंतर तोंडातून नाई निघत."

लोहाराच्या भात्यापासून सांडशी आणायला डोमा स्वतःच गेला. तेवढ्या वेळात देवकाबाईला लाथा बसत राहिल्या. कोण मारत होतं ते सांगणं कठीण, कारण पाय बरेच होते. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं आणि बसक्या आवाजात एकच म्हणत होती, "सांडू नोका बापा, देवाचं हाये थे." ती धानाबद्दल बोलत होती.

डोमा आला. त्याने गुडघा तिच्या छातीवर ठेवला आणि जबडा पकडला. धनीरामने तिचे हात धरले. ते हात त्याला ओळखीचे वाटले. याच हातांनी श्रावणात त्याच्या बांधीतला हिरवा करगा उपटून धुऱ्यावर टाकला होता, रोजच्या रोज, पाऊस अंगावर घेऊन. तो विचार आला तसा त्याने आवळून धरलेलं मनगट आणखी आवळलं. पहिला दात निघाला नाही, मोडला. दुसरा मुळासकट आला. देवकाबाईच्या घशातून जो आवाज निघाला त्याने पारावरची कुत्री उठून पळाली.

"सोड तिले!"

केशवराव गुरुजी शाळेकडून पळत आले होते. बोटांना खडू, एका पायात चप्पल. त्यांनी डोमाच्या बखोटीला धरून त्याला मागे खेचलं, आणि डोमा बेसावध होता म्हणूनच तो पडला, एरवी गुरुजींच्या अंगात तेवढा जोर कुठला! गुरुजी देवकाबाईच्या आणि गर्दीच्या मध्ये उभे राहिले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

केशवराव आणि धनीराम एका वयाचे. एकाच बोडीत पोहायला शिकले, एकाच मारोतीपुढे भजनाला बसले. भजनात केशवरावांची पेटी आणि धनीरामचा मृदंग, हे गावाला इतकं सवयीचं होतं की एक नसला की लोक दुसऱ्याला विचारत. दोन वर्षांपूर्वी सप्ताहात वाद झाला होता. गुरुजी शाळेत पोरांना सांगतात की माणूस आणि वानर एकाच मुळापासून निघाले, हळूहळू बदलत गेले, मग असा माणूस देवापुढे पेटीला हात कसा लावतो, असं जाणत्या मंडळींनी विचारलं. गुरुजी शांतपणे म्हणाले होते की मी देवाचंच काम कसं झालं ते सांगतो, देव नाही असं कधी सांगत नाही. कोणाला पटलं नव्हतं. तेव्हा धनीरामच उठून म्हणाला होता, केशव पेटीवर नाही बसला तर मी मृदंगाले हात नाही लावत. गुरुजींचं त्यालाही पटलं नव्हतं. मास्तरकीसाठी काहीबाही सांगावं लागत असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण मित्र तो मित्र.

"बाजूले हो, केशव," धनीराम आता म्हणाला.

"नाई होत."

"गुरुजी," डोमा उठता उठता म्हणाला, "बंदरापासून मानूस झाला म्हून तुमी पोरायले शिकवलं, आमी आयकून घेतलं. आता हिचा करगा धान कसा झाला थेबी शिकवता का?"

दोन-चार जण हसले.

"हो," केशवराव म्हणाले. "तेच शिकवतो. आयका."

त्यांनी टोपलीतून मूठभर धान उचललं. दाणे बोटांतून गळत होते.

"हे तलावातलं देवधान. अन् हा करगा. हे दोन नोहेत, एकच हाये. अन् तुमच्या घरचं धानबी याचंच लेकरू हाये. देवानं हे पान्यात उगवलं. पिकलं का झडून जाये, पाखरं खात, बाकीचं चिखलात. आपल्या आज्या-पनज्या टोपली घेऊन गेल्या. जे झडलं थे गेलं. जे लोंबीत थांबलं थे टोपलीत आलं, घरी आलं, पेरल्या गेलं. पुन्हा पेरलं, पुन्हा जे थांबलं थेच घरी आलं. असं किती पिढ्या चाललं, कोनालेच ठावं नाई. थांबनारं धान असं झालं. कोनी मंतर नाई मारला."

"मंग देवानं काय केलं?" गर्दीतून एका म्हाताऱ्याने विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

"देवानंच केलं, बाबा. एका दिवसात केलं तरच देव मोठा, अन् आपल्या मायबहिनीच्या हातानं सावकाश करून घेतलं त लहान? पंचमीले बाया नांगराचं खात नाई. काहून खात नाई? मूळ काय होतं थे इसरू नये म्हून. आपल्या देवधर्मानं जे जपून ठेवलं, थेच मी फळ्यावर लिहितो. मले त कुठं भांडन दिसत नाई."

म्हाताऱ्याने मान डोलावली. गर्दीही क्षणभर सैल झाली. तिथेच गुरुजी थांबले असते तर बरं झालं असतं, असं पुढे कैक जणांनी म्हटलं. पण पुराव्याशिवाय मास्तर गप्प बसेल कसा?

"थे सारं जुनं झालं," धनीराम म्हणाला. "माझा करगा जांभळा कोनं केला थे सांग. हिरव्याचा जांभळा कोनं केला?"

केशवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. सांगू की नको असं त्यांच्या तोंडावर एकदा येऊन गेलं.

"तू केला," ते म्हणाले.

"काय?"

"धान अन् करगा एका जातीचे. फुलोऱ्यात तुझ्या जांभळ्याचं थोडंसं त्याच्यात गेलं. शंभरात एखादा करगा जांभळा निघाला असन. हिरवे सारे तू उपटून फेकले. जांभळ्याले तू हातबी लावू देल्ला नाई. जांभळं ठेवा, जांभळं ठेवा, असं बायायवर वरडत होता ना धुऱ्यावर बसून? त्यायनं ठेवलं. दरसाल तूच निवडून निवडून ठेवलं. हिच्या मंतरानं नाई झालं. तुझ्या निंदनानं झालं."

कोणीतरी हसलं. कोण ते कधी कळलं नाही, पण ते हसू धनीरामच्या कानात शिरलं. बाजारात थांबवून बियाणं मागणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती सगळी हसत होती. डोमाच्या हातातली सांडशी त्याने कधी घेतली ते त्याला समजलं नाही. त्याचा हात मृदंगाला पडतो तसा मोकळा, खांद्यातून पडला.

सांडशी केशवरावांच्या तोंडावर बसली. ते मागे गेले, पाराच्या कडेला अडखळले आणि दगडी ओट्यावर बसल्यासारखे पडले. तोंडातून रक्ताबरोबर दात आले. त्यांनी ते ओंजळीत घेतले आणि त्यांच्याकडे नवलाने पाहू लागले. धनीरामने हात पुन्हा उचलला होता. तो दुसरा घाव बसला असता तर ही गोष्ट सांगायला वेगळी झाली असती.

"थांबा!"

धनीरामची बायको रुखमा गर्दीतून वाट काढत आली. डोक्यावरचा पदर पडलेला, कडेवर मातीचं गाडगं. गावातल्या बाया आतापर्यंत लांब, वडाखाली उभ्या होत्या. त्याही तिच्यामागे पुढे सरकल्या.

रुखमा सरळ टोपलीपाशी गेली. तिने गाडगं टोपलीवर उपडं केलं. लांब तांबूस कुसळांचं धान टोपलीत पडलं आणि मिसळून गेलं.

"हे आपल्या देवघरातलं हाये," ती म्हणाली. "गेल्या साली देवकाबाईनं देल्लं. ऋषिपंचमीले मी हेच खाल्लं. तुमची माय होती थेबी हेच खाये. मरता मरता तिनं हेच मागतलं होतं, इसरले?"

धनीरामचा हात वरच होता.

"निवडून दाखवा आता," रुखमा म्हणाली. "हिचं कोनतं, बांधीतलं कोनतं, अन् देवघरातलं कोनतं. हे ठेवल्यानं बाई चेटकीन होते, त मी बी हाये." ती देवकाबाईच्या शेजारी जाऊन खाली बसली आणि तिने तोंड उघडलं. "पाडा."

पारावर कोणी हललं नाही. मग एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि रुखमाच्या पलीकडे बसली. तिच्या तोंडात पाडायला काही उरलं नव्हतं, तरी तिनेही ते उघडलं. ती डोमाची आई होती.

"माय, तू ऊठ," डोमा म्हणाला. आवाज चिरका झाला होता.

ती उठली नाही. तिच्यामागून आणखी बाया आल्या. माणसं एकमेकांकडे न पाहता मागे सरू लागली. कोणाला बैल सोडायचे आठवले, कोणाला पाणी. करगा तो करगाच, बाया काहीही म्हणोत, असं एक-दोघं पुटपुटलेही. धनीरामने हात खाली घेतला. सांडशी त्याच्या पायावर पडली आणि अंगठ्याचं नख फुटलं, ते त्याला घरी गेल्यावर दिसलं.

दुपारी तो बांधीत गेला. विळा घेऊन गेला. कापायचं काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, पण रिकाम्या हाताने घरात बसवत नव्हतं. रुखमाने त्याच्यापुढे भाकर ठेवली होती आणि ती आत निघून गेली होती. तो मूठ धरी आणि विळा चालवी, आणि प्रत्येक मुठीगणिक दाणे पावसासारखे गळून मातीत जात. तो शिव्या देत होता. आधी देवकाबाईला, मग केशवला, मग डोमाला. शिव्या संपल्या तेव्हा तो धुऱ्यावर बसला.

जिथे तो बसला तीच त्याची नेहमीची जागा होती. श्रावणात इथेच बसून तो निंदणाऱ्या बायांवर ओरडे. ए, थे जांभळं नोको उपटू, डोळे फुटले का! देवकाबाई ओळीत सगळ्यात शेवटी असायची. जांभळ्याला तिचा हात कधी लागला नाही. त्याने सांगितलं तेच तिने केलं. त्याने समोरच्या बांधीकडे पाहिलं. प्रत्येक काडी त्याने राखलेली होती. पोटच्या पोरासारखा करगा वाढवला होता त्याने, सहा वर्षं.

संध्याकाळी तो केशवरावांच्या घरी गेला. दारात त्यांची बायको उभी होती. तिने वाट दिली नाही, पण आतून केशवरावांनी काहीतरी खूण केली असावी, कारण ती बाजूला झाली. केशवराव खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ सुजून नाकाला लागला होता. कोपऱ्यात पेटीवर फडकं झाकलेलं होतं.

धनीराम खाली बसला. मग जे बोलायला आला होता ते सोडून त्याने भलतंच विचारलं.

"तू म्हंतं तसं असन, त मंग देव कुठं राह्यला यात, केशव?"

केशवरावांनी तोंडावरचं ओलं फडकं काढलं. शब्द नीट येत नव्हते, पुढच्या दातांशिवाय सगळे शब्द हवेत सुटत होते.

"तुझ्या हातात सांडशी होती, तवा त्या सांडशीत नोहता," ते म्हणाले. "येवढं मले पक्कं माहीत हाये. बाकी मी शोधून राहिलो."

धनीरामने मान खाली घातली आणि तो रडला. मोठ्याने, गळा काढून रडला. केशवरावांनी त्याला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

दिवाळी झाली. देवकाबाईचं दार उघडलं नाही. रुखमा रोज पेज घेऊन जाई आणि रिकामं भांडं घेऊन परत येई, एवढ्यावरून बाई जिवंत आहे हे गावाला समजत होतं. साकोलीला जाऊन फिर्याद द्यावी असं केशवराव तिला म्हणाले होते. तिने नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही कळलं नाही.

इकडे तलावात देवधान पिकून झडत होतं. थंडी पडली की चार-आठ दिवसांत सगळं पाण्यात जातं. पुढच्या पंचमीला गावातल्या एकाही घरात उपासाचं धान नसणार होतं. बायांनी ते एकमेकींना सांगितलं, पण तलावात उतरायला कोणी तयार होईना. देवकाबाईचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आणखी एखाद्या घरची बाई टोपली घेऊन पाण्यात दिसली तर उद्या तिचं नाव निघायचं.

एके सकाळी धनीराम पारावर पडलेली ती टोपली घेऊन तलावात उतरला. पाणी कमरेला लागलं. देवकाबाईला त्याने लांबून अनेकदा पाहिलं होतं. एका हाताने लोंब्या टोपलीवर वाकवायच्या, दुसऱ्या हाताने काडी मारायची. सोपं काम वाटायचं. त्याने लोंब्या वाकवल्या आणि काडी हाणली. दाणे उडून चहूकडे पाण्यात पडले, टोपलीत काही आलं नाही. पुन्हा हाणली, पुन्हा तेच. तो चिडला, आणखी जोरात हाणली, आणि समोरचा सगळा झुबका रिकामा झाला. मग तो तसाच पाण्यात उभा राहिला. त्याने काडी टाकून दिली आणि बोटांनी हळू थाप दिली, भजनाच्या सुरुवातीला, सगळे डोळे मिटून बसलेले असताना मृदंगावर देतात तशी. मूठभर दाणे टोपलीत पडले.

उन्हं वर आली तेव्हा टोपली अर्धी भरली होती. पाळीवरून लोक येत जात होते, थांबून पाहत होते. धनीरामच्या अंगात थंडी भरली होती आणि बोटं कुसळांनी रक्ताळली होती.

देवकाबाईच्या दारात त्याने टोपली ठेवली आणि तो अंगणात उभा राहिला. हाक मारायची त्याची हिंमत झाली नाही. रुखमा आतच होती, तिनेच दार उघडलं असावं. देवकाबाई उंबऱ्यावर आली. गाल आत गेले होते, डोळ्याखालचं काळं अजून उतरलं नव्हतं. तिने आधी टोपलीकडे पाहिलं, मग त्याच्या ओल्या धोतराकडे.

"बांधीतलं हाये?" तिने विचारलं. शब्द फाटून बाहेर येत होते.

"नाई. तलावातलं. देवाची आन."

"नांगर नाई लागला?"

"नाई, माय."

ती वाकली. दोन्ही हातांनी तिने टोपली उचलली, छातीशी धरली, आणि क्षणभर धनीरामला वाटलं की झालं, घेतलं हिने. तिने टोपली अंगणात उपडी केली. कोंबड्या पंख फडफडवत धावल्या आणि धानावर तुटून पडल्या.

"नांगर नाई लागला," देवकाबाई म्हणाली. "पन तुझा हात लागला."

धनीराम उभा होता तसाच उभा राहिला. त्याला तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने टोपलीच्या बुडाला चिकटलेले दाणे थोपटून झाडले, टोपली कमरेवर घेतली आणि ती अंगणातून बाहेर पडली. धनीरामच्या बाजूने गेली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. पाय अजून सरळ पडत नव्हता. रुखमा तिच्यामागे दोन पावलं गेली.

"बाई, येवढ्यात नोका जाऊ. अंगात ताप हाये तुमच्या."

देवकाबाई थांबली, पण मागे वळली नाही.

"झडून जाईन ना थे," ती म्हणाली. "दात गेले. हात हायेत. तुझा वाटा आनतो मी, पोरी."

ज्या धुऱ्यावरून त्याने तिला केसांना धरून ओढत आणलं होतं, त्याच धुऱ्याने ती तलावाकडे चालू लागली. दोन्ही बाजूंना धनीरामच्या बांध्या होत्या, जांभळ्या आणि रिकाम्या. रुखमा तिच्यामागे निघाली, आणि पाळीजवळ पोचेपर्यंत वडाखालून आणखी दोघी-तिघी टोपल्या घेऊन निघालेल्या दिसल्या. डोमाची आई सगळ्यांच्या मागे होती, काठी टेकत.

धनीराम अंगणात एकटाच राहिला. कोंबड्या अजून टिपत होत्या. त्याने त्यांना हाकललं नाही.